मगदुमांची पाळीची गाडी

भारतीय मध्यमवर्गाला स्वातंत्र्य दोनदा मिळालं. एकदा सत्तेचाळीस साली मध्यरात्री, आणि दुसऱ्यांदा त्र्याऐंशीच्या डिसेंबरात, तीन सिलिंडरच्या एका चिमुकल्या गाडीतून.

हे वाक्य गुळगुळीत कागदावर छापलेल्या एका अवजड ग्रंथाच्या पहिल्या पानावर आहे. ते मीच लिहिलं आहे, त्यामुळे त्यावर कितपत विश्वास ठेवायचा हे मला इतरांपेक्षा जरा जास्त कळतं. दुसऱ्या स्वातंत्र्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागत होती, आणि ते मिळाल्यावर त्याच्यावर कापडी खोळ घालून ते पुढच्या लग्नकार्यापर्यंत दारात उभं करून ठेवायची पद्धत होती, हे मात्र ग्रंथात नाही. गौरवग्रंथ लिहिणं हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग आहे. दोन पतसंस्था झाल्या, एक जुनं मंगल कार्यालय झालं, आणि मग ही गाडी आली.

ग्रंथ काढणारा शिरीष हा माझा कॉलेजातला मित्र. पुण्याबाहेर त्याचा कारखाना आहे आणि कारखान्यामागच्या शेडमध्ये त्याने जुन्या भारतीय गाड्यांचं संग्रहालय मांडलं आहे. शेड हा शब्द त्याला चालत नाही. तो ‘दालन’ म्हणतो. दालनात साहेबांची गाडी होती आणि टॅक्सीवाल्याची गाडी होती. म्हणजे त्र्याऐंशीच्या आधी या देशात साधारण माणसाला ज्या गाड्या माहीत होत्या त्या आल्या. नव्हती ती नंतरची, जी डॉक्टरांच्या, किराणा दुकानदारांच्या आणि ऊसवाल्यांच्या दारात येऊन उभी राहिली. तिला तिच्या पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही. इंजिन आठशे सीसीचं म्हणून ती ‘आठशे’. खरं तर ते सातशे शहाण्णव सीसीचं होतं. वरचे चार देशाने प्रेमाने घातले.

शिरीषला नंतरची गोलसर आठशे नको होती. पहिल्या घडणीतली, चोक ओढून चालू करायची, डब्यासारखी उभट आठशे हवी होती, आणि तीही मूळ स्थितीत व चालती. तशी एक कोल्हापुरात कसबा बावड्याच्या मळ्यात आहे आणि घरचे विकायला तयार आहेत, असं त्याला एका दलालाने कळवलं. ग्रंथाचं शेवटचं प्रकरण रिकामं होतं, म्हणून त्याने मलाही सोबत घेतलं. जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे आम्ही त्याच्या नव्या, दुमजली वाटावी अशा गाडीतून निघालो. पुणे-कोल्हापूर रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की तो अजून बांधताहेत.

पत्ता

पुण्यात पत्ता विचारला तर पत्ता सोडून बाकी सगळं मिळतं. कोल्हापुरात पत्ता विचारला तर माणूस गाडीत येऊन बसतो. बावड्याच्या चौकात एका गृहस्थांना ‘मगदुमांचा मळा कुठे’ असं विचारलं, तर त्यांनी आधी गाडीला एक फेरी मारली, मग मागचं दार उघडलं, आत बसले आणि सरळ घ्यायला सांगितलं. सरळ घेतल्यावर एका मिसळीच्या दुकानासमोर थांबायला सांगितलं. मगदुमांच्याकडे आज मिसळ नसणार, असा त्यांचा मुद्दा होता. मिसळीचा कट इतका लाल होता की शिरीषने चष्मा काढून ठेवला. त्या गृहस्थांनी आम्हाला पैसे देऊ दिले नाहीत. मग त्यांनी हात पुसत विचारलं, “आण्णांच्याकडं जायचं का बापूंच्याकडं?”

शिरीष म्हणाला, गाडी बघायची आहे.

“मग आज आण्णांच्याकडं. उद्या बाराच्या पुढं आला असता, तर बापूंच्याकडं गेला असता.”

मळ्याच्या रस्त्याला लागल्यावर समोरून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. शिरीषच्या गाडीला सगळीकडून कॅमेरे आहेत आणि जवळ काही आलं की ती ओरडते. उसाची टोकं दोन्ही बाजूंनी घासत जाईपर्यंत ती एकसारखी ओरडत राहिली. ट्रॅक्टरवाल्याने खाली वाकून, तिला काही दुखतंय का, अशी चौकशी केली.

मगदुमांची घरं दोन. मधे एकच उसाचं शेत. ऊस उभा असतो तेव्हा या घरातून ते घर दिसत नाही. त्या आठवड्यात नुकतीच तोड झाली होती, त्यामुळे दोन्ही घरं एकमेकांना पूर्ण दिसत होती आणि दोन्ही घरांतली माणसं तिकडे पाठ करून बसली होती.

आण्णांच्या सोप्यात

थोरले भाऊ आण्णा. उंच, कपाळावर भस्म, आवाज मळ्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचणारा. आम्ही पाणी पिण्याआधीच त्यांनी गाडीवरचं ताडपत्रीचं पांघरूण ओढलं.

गाडी पांढरी होती. म्हणजे दोन पांढऱ्या रंगांची होती. उजवी बाजू दुधासारखी, डावी ताकासारखी. डॅशबोर्डावर जोतिबाचे दोन फोटो, एकमेकांकडे न बघणारे. हॉर्न दोन. एक स्टिअरिंगवर, दुसरा खाली वायर लोंबकळत असलेलं एक बटण. दिवे पुसायची फडकीही दोन होती. शिरीष ‘मूळ स्थिती’ हा शब्द मनातल्या मनात पुन्हा तपासत होता हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, पण नाक पहिल्या घडणीचं होतं, चोक होता, आणि ओढल्यावर इंजिनाने घसा साफ करून लगेच सूर धरला. शिरीषचे डोळे ओले झाले. तो कारखान्याच्या वर्धापनदिनालाही रडतो.

आण्णांनी सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, बसवून हकिकत सांगितली. गाडीचा नंबर त्यांच्या वडिलांनी लावला होता. ती आली तेव्हा तिला आधी घरी न आणता थेट जोतिबाच्या डोंगरावर नेली, आणि अर्धं गाव सायकलींवरून मागे आलं, घाट लागल्यावर सायकली हातात धरून. पुढे वडिलांनी हयातीतच वाटणी केली. रान वाटलं, म्हशी वाटल्या, गोठ्याचे पत्रे मोजून वाटले. गाडी वाटता येईना. तेव्हा वडील म्हणाले, विहिरीचं पाणी कसं वाटता, तशीच ही वाटा.

म्हणजे पाळी लावा. एकाच विहिरीवर दोन घरांची रानं असली की हे दिवस तुझे, ते दिवस माझे, असं पाणी वाटून घेतात. तशी आठशेची पाळी लागली. रविवारी दुपारी बारा वाजता गाडी विहिरीवर आणून लावायची, किल्ली मोटरीच्या खोलीतल्या खिळ्याला अडकवायची, निघून जायचं. पुढचा आठवडा दुसऱ्याचा. पाळीचा एकच नियम, आणि तोही विहिरीचाच: आपली पाळी सोडताना पाटात पाणी ठेवून सोडायची, म्हणजे पुढच्याला कोरड्या पाटापासून सुरुवात करावी लागत नाही. गाडीच्या बाबतीत तो पाट म्हणजे रेडिएटर. तो पाझरतो. म्हणून रविवारी साडेअकराला विहिरीवर तो काठोकाठ भरायचा आणि मग किल्ली अडकवायची. यात दोघांपैकी कुणाचीही आजवर चूक झालेली नाही, असं आण्णांनी सांगितलं. धाकट्याच्या बाबतीत त्यांनी केलेलं हे एकमेव चांगलं विधान होतं.

कारण दोघे बोलत नव्हते. वडील गेल्यानंतर गावच्या दूध संस्थेची निवडणूक लागली. आण्णा एका पॅनेलमधून उभे राहिले, आणि बापू दुसऱ्या पॅनेलचा झेंडा लावून प्रचाराला फिरले, तेही त्यांच्या पाळीच्या आठवड्यात, त्याच आठशेतून. आण्णा पडले. पुढच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलं एक झाली, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एकमेकांना पेढे भरवले. भाऊ एक झाले नाहीत.

आता गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. कागदावर नाव अजून वडिलांचं. गाडी ठेवायची तर कुणा एकाच्या नावावर करावी लागणार, त्यासाठी दोघांनी कचेरीत एका बाकावर बसावं लागणार, म्हणजे बोलावं लागणार. त्यापेक्षा विकलेली बरी, असं दोघांनी वेगवेगळं ठरवलं होतं.

जेवायला बसलो. आम्ही पुण्याहून तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आशेने आलो होतो, पण हे लिंगायत शेतकऱ्याचं घर. रश्श्याचा विषय मी मनातच मिटवला. जोंधळ्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही आणि शेवटी हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची गुळातली खीर, वर तूप ओतून. खर्ड्याने उडालेले कान हुग्गीने परत जागेवर आले. इथे ‘वाढू का’ विचारत नाहीत. वाढून झाल्यावर ‘खावा की’ म्हणतात.

हात धुवायला मागे गेलो तर आण्णांच्या पत्नी, गंगाकाकू, आठशेच्या डिकीत भुईमुगाच्या शेंगांची पिशवी ठेवत होत्या. मला बघून त्यांनी डिकी लावली, मग पुन्हा उघडली. बापूंची बायको सुशीला ही त्यांची सख्खी धाकटी बहीण, हे त्यांनीच सांगितलं. पाळी बदलायच्या आधी इकडून शेंगा जातात, पुढच्या रविवारी तिकडून गूळ येतो. आण्णांना वाटतं गूळ बापू ठेवतो. बापूंना वाटतं शेंगा आण्णा ठेवतात. दोघांनी आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही, आणि दोघंही खातात.

मी म्हटलं, मग तुम्ही बहिणी बोलता की.

“आमी काय, रोज बोलतो. ह्या दोघांचं सांगतोय,” त्या म्हणाल्या. “विहिरीवर बी आता पाण्याच्या दोन मोटरी झाल्या. ह्या गाडीबिगर दोघांच्यात काय उरलंय? उद्या तुमी गाडी नेलासा, की संपलं बघा.”

हे सांगताना त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. मी शेंगांची पिशवी डिकीत नीट आत सरकवली.

दुसरं जेवण

संध्याकाळी बापूंच्याकडे जाणं भाग होतं, कारण विक्रीला त्यांचीही संमती हवी होती. मधल्या तुटल्या उसाच्या रानातून आम्ही चालत गेलो. बापू बुटके, चपळ, हसरे. थोरल्या भावाचं नाव न घेता ते ‘तिकडं’ म्हणत. तिकडं काय काय सांगितलं, हे त्यांना ऐकायचं होतं, पण विचारायचं नव्हतं. शेवटी त्यांनी विचारलं ते एवढंच, की तिकडं खर्डा कसा होता.

मग तोच खर्डा आला. तीच भाकरी, तीच चटणी, तेच दही, तीच हुग्गी. दोन सख्ख्या बहिणींच्या हातात कणभराचा फरक नव्हता. शिरीषने दुसऱ्या वाटीनंतर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला फसवून आणलं होतं. आम्ही निघताना सुशीलाकाकूंनी हळूच विचारलं की अक्काने डिकीत काय ठेवलं. मी शेंगा म्हटल्यावर त्या समाधानाने आत गेल्या.

शिरीषची एक अट होती: घेण्याआधी गाडी चढावर चाललेली बघायची. बापूंनी लगेच जोतिबाचा डोंगर सुचवला. रविवार हा जोतिबाचा वार, आणि गाडी जिथून घरी आली तिथूनच तिला निरोप द्यायचा. रान ओलांडून आण्णांना विचारलं तर तेही नेमकं तेच म्हणाले, फक्त त्यांना ते आधी सुचलं होतं.

घाट

सकाळी नऊला निघायचं ठरलं आणि अकराला निघालो. दोन तास न्याहारीत गेले. दोन्ही घरची न्याहारी होती.

बसायची रचना गंगाकाकूंनी केली. आण्णा स्टिअरिंगवर, कारण बारापर्यंत पाळी त्यांची. शेजारी शिरीष, पायाशी एक नारळाएवढा धोंडा घेऊन. हँडब्रेक धरत नसल्यामुळे चढावर थांबलं की तो मागच्या चाकाखाली घालायचा असतो. मागे बापू आणि मी, आणि मधे स्वतः गंगाकाकू, सरहद्दीसारख्या. सुशीलाकाकू दोन्ही घरांच्या म्हशी बघायला मागे राहिल्या.

आठशेत पाच माणसं बसतात, हे मी ग्रंथात लिहिलं आहे. कशी बसतात ते लिहिलेलं नाही. पण त्या गाडीत बसल्यावर मला एक गोष्ट पटली. शिरीषच्या गाडीतून बाहेरचं जग टीव्हीवर दाखवल्यासारखं दिसतं. आठशेत माणूस रस्त्याच्या पातळीवर असतो. उसाच्या ट्रॉलीचं चाक डोळ्यासमोर फिरतं, शेजारच्या सायकलवाल्याला आपण काय म्हणालो ते ऐकू जातं, आणि गुऱ्हाळाचा वास खिडकीतून आत येऊन मांडीवर बसतो. बापूंनी खिडकीतून तीन ओळखीच्या माणसांशी गप्पा मारल्या, गाडी न थांबवता.

भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते म्हणजे शांतता होती असं मुळीच नाही. आण्णा म्हणायचे, गंगा, मागच्यास्नी सांग, दार नीट लावा म्हणावं. बापू म्हणायचे, वैनी, पुढच्यास्नी सांगा, दुसऱ्या गिअरात घ्या म्हणावं. निरोप पोहोचवायची गरज नव्हती, पण काकू दोन्हीकडे मान हलवत होत्या. बारा वर्षांच्या क्लचची तक्रार, डाव्या बाजूच्या ताकासारख्या रंगाची तक्रार, सगळं असं काकूंच्या मार्गे गेलं.

पायथ्याचं केर्ली गाव मागे पडलं, घाट सुरू झाला. पन्हाळ्याच्या कडा डावीकडे उन्हात चमकत होत्या. गुलालाने माखलेले टेंपो वरून खाली येत होते आणि प्रत्येक टेंपोतून ‘चांगभलं’ अशी आरोळी येत होती. आठशे तिसऱ्या वळणापर्यंत न कुरकुरता चढली. शिरीषने मागे वळून मला हलकीशी मान डोलावली. म्हणजे त्याने मनातल्या मनात दालनातली जागा पक्की केली. मी काकूंकडे बघायचं टाळलं.

चौथ्या वळणावर बापूंनी मनगट पुढे केलं आणि काकूंच्या डोळ्यांसमोर घड्याळ धरलं.

आण्णांनी आरशात ते पाहिलं. गाडी कडेला घेतली, थांबवली, किल्ली काढली आणि टपावर ठेवली. मग मागे आले. बापू उतरले, त्यांनी किल्ली उचलली. बारा वाजले होते. पाळी बदलली होती. काकूंनी मला खुणेने धोंड्याकडे पाठवलं, मी तो चाकाखाली घातला. खाली दोन टेंपो आणि एक बस थांबून हे बघत होती. कुणी हॉर्न वाजवला नाही. पाळी म्हणजे काय हे त्या सगळ्यांना माहीत असावं.

बापूंनी सीट खट्कन पुढे ओढलं, आपल्या बाजूच्या जोतिबाच्या फोटोला हात लावला, आपलं वेगळं बटण दाबून आपला हॉर्न वाजवला, आणि निघालो. दोन वळणं गेलो असू. मग बॉनेटच्या फटीतून वाफेची एक बारीक शेंडी वर आली. मग जाड आली. मग शिरीष ‘आग’ म्हणाला. ती आग नव्हती, पण गाडी थांबवावी लागली. मी पुन्हा धोंडा घातला.

बापूंनी फडकं घेऊन बॉनेट उघडलं, वाफ निवू दिली, आणि रेडिएटरचं झाकण काढून आत बघितलं. रेडिएटर कोरडा होता. रविवारी साडेअकराला विहिरीवर तो भरला जायचा. त्या रविवारी साडेअकराला तो केर्लीच्या रस्त्यावर होता.

बापू वळले. काकूंकडे न बघता, सरळ भावाकडे बघून म्हणाले, “आण्णा, पाटात पाणी न ठेवता पाळी सोडलास व्हय?”

आण्णा उभ्या जागी थोडे बुटके झाल्यासारखे दिसले.

“पावण्यांनी उशीर केला,” ते म्हणाले. मग उंची परत आली. “आणि तू घड्याळ कशाला काढलास? घाटात बारा वाजत्यात व्हय?”

“बारा कुठंबी वाजत्यात.”

“दूध संस्थेच्या वक्ताला कुठं गेलतं तुझं घड्याळ?”

आणि मग सुरू झालं. माझ्या ओळखीतले पुण्याचे भाऊ भांडतात तेव्हा आवाज येत नाही, नोटीस येते. इथे घाटाच्या एका कड्यावरून आवाज दुसऱ्या कड्यावर जाऊन परत येत होता. निवडणूक झाली, झेंडा झाला, गोठ्याचा एक पत्रा वाकडा आला होता तो झाला, डाव्या बाजूचा रंग झाला. इतक्या वर्षांचं सगळं साठलेलं होतं आणि दोघांनाही ते तारीखवार पाठ होतं. खालच्या टेंपोतून एक म्हातारे गृहस्थ पाण्याचा कॅन घेऊन आले, भांडण ऐकून कॅन खाली ठेवला आणि त्यावर बसले.

शेवटी बापू म्हणाले, “तरी मी गप होतो. दर खेपेला शेंगा ठेवतोस, म्हटलं असूदे, थोरला हाय.”

आण्णा म्हणाले, “शेंगा? मी न्हाय ठेवत. तूच गूळ धाडतोस म्हणून मी गप हाय.”

“गूळ? मी?”

दोघांनीही एकाच वेळी गंगाकाकूंकडे बघितलं. काकू गाडीतून उतरल्या नव्हत्या. त्या खिडकीतून पन्हाळ्याच्या कडा बघत होत्या, अगदी मन लावून.

“इंजिन गार झालं असंल,” त्या तिकडेच बघत म्हणाल्या. “पाणी घाला की.”

आण्णांनी कॅनवरच्या म्हाताऱ्यांना उठवलं. बापूंनी झाकण धरलं, आण्णांनी पाणी ओतलं. काठोकाठ भरेपर्यंत दोघे आत बघत होते आणि दोघांचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं रडताहेत. मग आण्णांच्या हसण्याचा आवाज समोरच्या कड्यावरून परत आला. कॅनवाल्या म्हाताऱ्यांनी, आता आपलं इथे काम नाही असं ओळखून, खिशातून मूठभर गुलाल काढला आणि ‘चांगभलं’ म्हणत तो आम्हा सगळ्यांवर टाकला. शिरीषचा शर्ट पांढरा होता, हे सांगायला नको.

डोंगरावर

जोतिबासमोर नारळ फुटला. प्रसाद घेऊन बाहेर आल्यावर शिरीषने गुलाबी झालेल्या हातांनी व्यवहाराचा विषय काढला, अतिशय गंभीर चेहऱ्याने, वारसा वगैरे शब्द वापरून. दोघे भाऊ एकदम ‘न्हाय’ म्हणाले, आणि मग आधी कोण म्हणालं यावर भांडले.

मग नोंदणीचा प्रश्न आला. आण्णा म्हणाले, गाडी बापूच्या नावावर कर. बापू म्हणाले, तू थोरला, तुझ्या नावावर. हे भांडण घाटातल्या भांडणापेक्षा मोठं झालं. पायऱ्यांवरचे लोक थांबले, कारण एकमेकांवर गाडी ढकलणारे भाऊ त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिले होते. वाटणीत नको असलेलं कुणी द्यायला बघतं तशी दोघांची धडपड चालली होती, फक्त इथे दोघांनाही गाडी हवी होती.

गंगाकाकूंनी पदराला लागलेला गुलाल झटकला. “दोघं बी गप बसा,” त्या म्हणाल्या. “माझ्या नावावर करा.”

यावर दोघांनी एकदम मान डोलावली, आणि आधी कुणी डोलावली यावर भांडण झालं नाही.

परतीच्या उतारावर बापू चालवत होते आणि आण्णा पुढे, धोंड्याजवळ, बसून त्यांना कसं चालवायचं ते सांगत होते. काकू मागे आमच्या दोघांच्या मधे. सरहद्द आता नको होती, पण जागा दुसरीकडे नव्हती. मळ्यात पोहोचलो तेव्हा सुशीलाकाकू विहिरीवर उभ्या होत्या. पुढच्या सीटवर दोघे भाऊ शेजारी शेजारी बघून त्यांनी बहिणीकडे पाहिलं. बहिणीने बोट ओठांवर ठेवलं आणि मग स्वतःच सांगून टाकलं, सगळं फुटलं म्हणून.

त्या रात्री जेवण एकच झालं, आण्णांच्या सोप्यात. पदार्थ तेच होते. शिरीषने हुग्गी तिसऱ्यांदा घेतली आणि काही तक्रार केली नाही. निघताना आमच्या डिकीत एका बाजूने शेंगा आणि एका बाजूने गूळ आला. ओरडणाऱ्या गाडीने त्यालाही अडथळा समजून ओरडून घेतलं.

ग्रंथ

दालनात आठशेसाठी केलेला चबुतरा रिकामाच आहे. त्याच्यावर शिरीषने गुलाल लागलेल्या गाडीचा एक मोठा फोटो लावला आहे. कंपनीने ती गाडी बनवणं कधीच थांबवलं. मगदुमांनी चालवणं थांबवलेलं नाही. पाळी अजून चालू आहे. आता भाऊ बोलतात, त्यामुळे रविवारी बाराला विहिरीवर गाडी देताना अर्धा तास जातो.

ग्रंथ निघाला. प्रकाशनाला शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि पाच भाषणं झाली. दोनदा मिळालेल्या स्वातंत्र्याचं ते माझं पहिल्या पानावरचं वाक्य तिघांनी उद्धृत केलं, त्यातल्या दोघांनी स्वतःचं म्हणून. कागद इतका जाड घेतला होता की ग्रंथ एका हाताने उचलून वाचता येत नाही. कोल्हापूरला मी दोन प्रती पाठवल्या, घरं दोन म्हणून.

पंधरा दिवसांनी बापूंचा फोन आला. मागे आण्णांचा आवाज येत होता, नीट सांग म्हणून. प्रती मिळाल्या, दोन पाठवल्यात ते फार बरं केलंत, असं बापूंनी सांगितलं. मी नम्रपणे विचारलं की वाचल्या का.

त्यांनी सांगितलं की दोन्ही गाडीतच ठेवल्या आहेत. आता घाटात थांबलं की एक डाव्या चाकाखाली घालतात आणि एक उजव्या. धोंडा टाकून दिला.